ब्राउझर रॅम खातोय की बॅटरी? आधी मोजा, मग बंद करा

पंखा घोंघावतोय, बॅटरी अर्ध्या दिवसात आटोपते आणि टास्क मॅनेजर उघडला की यादीत सगळ्यात वर ब्राउझर. अशा वेळी बहुतेक जण हाताला येईल ते करतात. कॅशे साफ करतात, हिस्टरी पुसतात, ब्राउझर काढून पुन्हा टाकतात, नाहीतर एखादा 'रॅम क्लीनर' बसवतात. यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. कारण इथे तक्रारी दोन आहेत, आणि दोन्हींची मुळं वेगळी. पन्नास टॅब उघडे ठेवून गप्प पडलेला ब्राउझर कित्येक जीबी रॅम अडवून बसेल, पण बॅटरीवर त्याचा फारसा भार पडणार नाही. उलट एकच टॅब, ज्याच्या कोपऱ्यात एखादी जाहिरात सतत हलते आहे, दीडशे एमबीत मावेल आणि बॅटरीचे दोन-तीन तास खाऊन टाकेल. म्हणून पहिलं काम म्हणजे आपली तक्रार यातली कोणती, ते ठरवणं.

मोठा आकडा म्हणजे आजार नव्हे

रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते. ब्राउझर ती वापरतो ते पानं पटकन दिसावीत म्हणून, आणि गरज पडली की त्यातली बरीचशी सोडूनही देतो. ब्राउझर किती जीबी घेतो यापेक्षा मशीनवर मेमरीचा ताण आहे का, हे बघा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' निवडा. तिथे 'कमिटेड' खाली दोन आकडे, म्हणजे प्रोग्रामना कबूल केलेली मेमरी आणि तिची कमाल मर्यादा, दिसतात, समजा १४.२/१८.० जीबी. पहिला आकडा दुसऱ्याला भिडायला आला आणि टॅब बदलताना डिस्कचा आलेख उसळत असेल, तर ताण खरा. मॅकवर 'अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर'च्या मेमरी भागात खाली 'मेमरी प्रेशर'चा आलेख असतो. हिरवा असेल तर रॅम ९० टक्के भरलेली दिसली तरी काही बिघडलेलं नाही. तो पिवळा-लाल होतोय आणि 'स्वॅप यूज्ड' (रॅम अपुरी पडल्याने डिस्कवर हलवलेली मेमरी) वाढत चाललाय, तर मात्र हात घालायला हवा. लिनक्सवर 'फ्री' कमांडमधला 'फ्री'चा रकाना सोडून 'अव्हेलेबल'चा बघा. पहिला जवळजवळ नेहमीच छोटा दिसतो आणि लोक उगाच घाबरतात.

ताण नसेल तर मेमरीच्या वाटेला जाऊ नका. रॅम क्लीनर नावाची साधनं प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, ताब्यातले मेमरीचे भाग रॅममधून जबरदस्तीने हुसकतात. आकडा खाली येतो, पण पुढच्या क्लिकला तेच भाग डिस्कवरून परत आणावे लागतात आणि मशीन आधीपेक्षा अडखळतं. कॅशे साफ करण्याचंही तसंच. तो साठा मुख्यतः डिस्कवर असतो. पुसलात तर रॅम सुटत नाहीच, वर प्रत्येक पान नव्याने उतरवून घ्यावं लागतं.

'टास्क मॅनेजरमध्ये एवढे क्रोम कशाला?' हा नेहमीचा प्रश्न. क्रोम पहिल्यापासून, म्हणजे २००८ पासून, टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटी जाहीर झाल्या. एकाच प्रोसेसमध्ये दोन साइट असतील तर एकीला दुसरीची माहिती वाचता येण्याची भीती त्यातून पुढे आली. त्याच वर्षी क्रोमच्या ६७व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस मिळू लागली. त्यासाठी सुमारे १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सने तशीच रचना २०२१ मध्ये सर्वांसाठी आणली. जुन्या लेखांमध्ये ही विभागणी बंद करण्याच्या युक्त्या अजून सापडतात. त्या करू नका, थोड्या एमबीसाठी बँकेचा टॅब उघडा टाकण्यासारखं आहे ते. शिवाय या सगळ्या प्रोसेसचे आकडे सरळ बेरजेने जुळत नाहीत. काही मेमरी त्यांच्यात सामायिक असते आणि काही साधनं ती प्रत्येकाच्या नावावर पुन्हापुन्हा मोजतात. लिनक्सवरच्या 'टॉप'मध्ये हे विशेष जाणवतं.

दोषी टॅब पकडणं

ऑपरेटिंग सिस्टीमचा टास्क मॅनेजर 'ब्राउझर' इथपर्यंतच बोट दाखवतो. टॅब सांगतो तो ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर. क्रोम आणि एजमध्ये, विंडोज किंवा लिनक्सवर, शिफ्ट आणि एस्केप दाबा. मॅकवर क्रोमच्या 'विंडो' मेनूत तो सापडतो. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'जावास्क्रिप्ट मेमरी' आणि 'आयडल वेक अप्स' (शांत प्रोसेसर किती वेळा उठवला गेला) हे रकाने जोडून घ्या. मग काही न करता मिनिटभर थांबा. टास्क मॅनेजर उघडण्याचीही थोडी धावपळ असते, ती निवू द्या.

फायरफॉक्समध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत 'अबाउट', कोलन आणि 'प्रोसेसेस' असं सलग टाइप करा. प्रत्येक साइटची मेमरी आणि सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वापर तिथे दिसतो. सफारीला वेगळं पान नाही, पण अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरच्या यादीत टॅब आपापल्या पत्त्यासह दिसतात. एनर्जी भागात ते 'एनर्जी इम्पॅक्ट'प्रमाणे लावून घ्या.

आता वाचायचं काय? ढोबळमानाने साधं लेखाचं पान पन्नास ते शंभर एमबीत भागतं, वेबवरचं ईमेल किंवा स्प्रेडशीट दोनशे ते पाचशे एमबी घेते, डिझाइनची साधनं आणि मोठे नकाशे जीबीच्या घरात जातात. क्रोमच्या यादीत 'सबफ्रेम'च्या ओळी भरपूर दिसल्या तर त्या बहुतेक जाहिराती आणि पानात घुसवलेले बाहेरचे तुकडे असतात. साइट वेगळी म्हणून प्रोसेस वेगळी, त्यामुळे जाहिरातींनी खचाखच भरलेलं एक पान आठ-दहा प्रोसेस सहज उभ्या करतं.

सीपीयूचा रकाना त्याहून बोलका. समोर नसलेला टॅब शून्याच्या आसपासच असायला हवा. २०१७ मधल्या ५७व्या आवृत्तीपासून क्रोम मागच्या टॅबच्या टायमरना, म्हणजे ठरावीक वेळाने चालणाऱ्या कामांना, सरासरी प्रोसेसरच्या एका कोरच्या १ टक्क्याइतकीच मुभा देतो. ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ लपलेल्या टॅबचे टायमर बरेचदा मिनिटातून एकदाच चालतात. तरीही मागचा एखादा टॅब सतत ५-१० टक्के सीपीयू घेत असेल, तर तो या लगामातून निसटलाय. निसटण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: त्यातून आवाज येतोय, व्हिडिओ कॉलची जोडणी चालू आहे, किंवा पानाने काम वेब वर्करकडे, म्हणजे मागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टकडे, सोपवलंय, ज्याच्या टायमरला हा लगाम लागत नाही. मीटिंग संपल्यावर 'लीव्ह' दाबलं पण टॅब तसाच राहिला, हे यातलं सगळ्यात जास्त भेटणारं कारण.

'लपलेला' म्हणजे काय, तेही बघून घ्या. एका खिडकीवर दुसरी खिडकी पूर्ण पसरली तर विंडोज आणि मॅकवर क्रोम खालची खिडकी लपलेली धरतो. बोटभर कड दिसत राहिली तर ती दिसतेय असंच मानून चित्र काढत राहतो. दुसऱ्या मॉनिटरवर उघडी पडलेली खिडकीही तशीच. मिनिमाइझ करणं हा फुकटातला उपाय आहे.

१ टक्का सीपीयूला किती वीज?

सीपीयूचा आकडा छोटा म्हणून वीजही थोडी, असं गणित बसत नाही. काम नसलं की प्रोसेसर खोल झोपेच्या पातळ्यांवर उतरतो आणि खरी बचत तिथे होते. सेकंदाला शंभर वेळा क्षणभरासाठी उठवलं तर सीपीयू १ टक्काच दिसेल, पण त्याला खाली उतरायला सवडच मिळणार नाही. म्हणून 'आयडल वेक अप्स'चा रकाना जोडून घ्यायला सांगितलं. मागच्या टॅबसमोर तिथे सतत तीन आकडी संख्या दिसली तर संशय घ्या.

याचं गाजलेलं उदाहरण विंडोजवरच्या क्रोमचंच आहे. विंडोजचा टायमर एरवी साधारण १५.६ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा टिकटिकतो. क्रोम तो १ मिलिसेकंदावर नेऊन ठेवायचा, म्हणजे सेकंदाला हजार. २०१४ मध्ये यावर बराच गदारोळ झाला आणि मग ते वर्तन सुधारलं.

बॅटरीचा हिशेब करून बघा. ५० वॉट-तासांची बॅटरी आहे आणि शांत मशीन ५ वॉट घेतं, तर १० तास मिळतात. एका उनाड टॅबने त्यात ३ वॉट घातले तर ८ वॉटवर सव्वासहा तासच उरतात. मशीन जितकं काटकसरी, तितका हा फटका मोठा. ३० वॉट घेणाऱ्या गेमिंग लॅपटॉपवर तेच ३ वॉट लक्षातही येणार नाहीत.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्या 'सिस्टीम', 'पॉवर अँड बॅटरी'मध्ये कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी घेतली ते दिसतं. मॅकवर '१२ एचआर पॉवर'चा रकाना जास्त भरवशाचा. क्षणाचा आकडा फसवतो, बारा तासांचा फसवत नाही.

गळती आहे की नुसतं खादाडपण?

सुरुवातीपासून ४०० एमबी घेणारा टॅब खादाड. सकाळी ३०० आणि संध्याकाळी १८०० एमबीवर गेलेला टॅब गळका. चॅट, डॅशबोर्ड, अंतहीन स्क्रोलच्या साइट आणि आठवडाभर उघडं राहिलेलं ईमेल हे इथले नेहमीचे गिऱ्हाईक. पडताळणी सोपी आहे: आकडा टिपा, अर्धा तास नेहमीसारखं वापरा, पुन्हा टिपा, मग टॅब रीलोड करा. रीलोडनंतर आकडा मूळ जागी आला तर दोष पानाच्या कोडमध्ये आहे आणि दिवसातून एकदा रीलोड करणं हाच वापरणाऱ्याच्या हातातला इलाज. अंतहीन स्क्रोलला मात्र गळती म्हणणं अन्यायाचं. तुम्ही हजार पोस्ट खाली ओढल्यात तर त्या राहणार कुठे?

फायरफॉक्समध्ये 'अबाउट' कोलन 'मेमरी' या पानावर 'मिनिमाइझ मेमरी युसेज' असं बटण आहे. ते दाबल्यावर आकडा धाडकन उतरला तर तो उचलायचा राहिलेला कचरा होता. हलला नाही, तर कुणीतरी मेमरी धरून बसलंय.

साइट तुमचीच असेल तर एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्समधल्या 'मेमरी'त हीप स्नॅपशॉट (मेमरीत त्या क्षणी काय काय आहे त्याची नोंद) घ्या. संशयित कृती पाच वेळा करा, दुसरा स्नॅपशॉट घ्या, आणि गाळणीत 'डिटॅच्ड' हा शब्द इंग्रजीत टाका. पानावरून काढलेले पण कुठल्यातरी इव्हेंट लिसनरने किंवा न थांबवलेल्या सेट-इंटरव्हलने धरून ठेवलेले घटक समोर येतात. संख्या पाचच्या पटीत वाढलेली दिसली की चोर सापडलाच.

एक्स्टेंशनचा छुपा खर्च

ब्राउझरच्या टास्क मॅनेजरमध्ये एक्स्टेंशनची ओळ ४० एमबी दाखवते आणि आपण तिला निर्दोष सोडतो. चूक इथेच होते. ती ओळ फक्त एक्स्टेंशनच्या पार्श्वभूमीतल्या भागाची. 'सर्व साइटवरची माहिती वाचणं आणि बदलणं' अशी परवानगी असलेलं एक्स्टेंशन प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घालू शकतं, आणि तिचा खर्च त्या टॅबच्या नावावर पडतो. टॅबमागे १२ एमबी धरले तरी ४० टॅबवर ४८० एमबी झाले, आणि यादीत ते एक्स्टेंशनच्या नावाने कुठेच दिसणार नाहीत.

शोधायचं कसं? तेच पान गेस्ट खिडकीत उघडा, तिथे एक्स्टेंशन नसतात. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर अर्धी एक्स्टेंशन बंद करून बघा, फरक पडला की त्या अर्ध्यातली अर्धी. सोळा एक्स्टेंशन असली तरी चार फेऱ्यांत नाव हाती लागतं. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतला 'ट्रबलशूट मोड' एका झटक्यात सगळी एक्स्टेंशन बंद करतो, पण तो ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद करतो, त्यामुळे तिथले सीपीयूचे आकडे तुलनेला धरू नका.

दोषी एक्स्टेंशन कामाचं असेल तर काढायची गरज नाही. क्रोममध्ये त्याच्या तपशिलात जाऊन साइट अ‍ॅक्सेस 'ऑन क्लिक' किंवा ठरावीक साइटपुरता करा. शब्दकोश, कूपन शोधणारी, स्क्रीनशॉट काढणारी, व्याकरण तपासणारी एक्स्टेंशन प्रत्येक पानात बसून राहण्याचं काहीच कारण नाही. कूपनवाली तर माझ्या मते मुळातच नकोत.

जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन हा अपवाद. ते स्वतः मेमरी घेतं, पण त्याच्यामुळे न उगवलेल्या सबफ्रेम आणि न चाललेल्या स्क्रिप्ट यांची बचत जाहिरातबाज साइटवर बहुतेक वेळा जास्त भरते. मात्र एकच ठेवा. दोन बसवली तर दोघंही प्रत्येक विनंती तपासतात आणि हाती जास्तीचं काही लागत नाही.

व्हिडिओ: बॅटरीचा सगळ्यात मोठा भोक्ता

व्हिडिओ उलगडण्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये वेगळी मंडलं असतात. काम तिथे झालं तर सीपीयू आरामात असतो. व्हिडिओ ज्या कोडेकमध्ये (दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे ते चिपला येत नसेल, तर सगळं ओझं सीपीयूवर येतं आणि पंखा सुरू होतो. यूट्यूबवर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकच्या ओळीत 'एव्हीसी१' म्हणजे एच.२६४, 'व्हीपी०९' म्हणजे व्हीपी९, 'एव्ही०१' म्हणजे एव्ही१. एच.२६४ जवळपास कुठल्याही चिपला जमतं. व्हीपी९ इंटेलच्या सातव्या पिढीपासून नीट जमतं. एव्ही१ला इंटेलची अकरावी पिढी, एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका किंवा अ‍ॅपलची एम३ चिप आणि त्यापुढचं काहीतरी लागतं. एम१ आणि एम२ मध्ये एव्ही१ची सोय नाही, हे अनेकांना माहीत नसतं.

खात्री करायची तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स चिपचा, 'व्हिडिओ डीकोड' आलेख बघा. व्हिडिओ चालू असताना तो सपाट शून्यावर असेल तर काम सीपीयू करतोय. क्रोममध्ये 'क्रोम', कोलन, दोन स्लॅश आणि 'जीपीयू' असा इंग्रजीत पत्ता टाकला की 'व्हिडिओ डीकोड'समोर 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड' लिहिलेलं दिसायला हवं. चिप जुनी असेल तर यूट्यूबला एच.२६४ द्यायला भाग पाडणारी छोटी एक्स्टेंशन मिळतात. त्यात यूट्यूबवर १०८०पीच्या वर जाता येत नाही, पण लॅपटॉपच्या पडद्यावर तेवढ्याने अडत नाही. फायरफॉक्समध्ये 'अबाउट' कोलन 'कॉन्फिग'मध्ये 'मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड' हा पर्याय 'फॉल्स' केला की एव्ही१ बंद होतं.

ब्राउझर सावकाश वाटला की 'ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद करा' हा सल्ला हमखास मिळतो. पडद्यावर ठिपके येणं, खिडकी काळी पडणं अशी ड्रायव्हरची लक्षणं असतील तर तपासापुरतं बंद करा, ड्रायव्हर अद्ययावत करा आणि पुन्हा चालू करा. कायमचं बंद ठेवलं तर स्क्रोलपासून व्हिडिओपर्यंत सगळं सीपीयूच्या माथी येतं. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ब्राउझर मोठ्या चिपवर तर चालत नाही ना, तेही बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे ब्राउझर निवडून 'पॉवर सेव्हिंग' करता येतं.

सेटिंगमधल्या तयार सोयी

क्रोममध्ये सेटिंग्जच्या 'परफॉर्मन्स'मध्ये २०२३ पासून मेमरी सेव्हर आणि एनर्जी सेव्हर आहेत, एजमध्ये स्लीपिंग टॅब्स आणि ऊर्जा वाचवणारा मोड. मेमरी सेव्हर न वापरलेले टॅब मेमरीतून काढतो, पट्टीवर त्यांचं नाव राहतं आणि क्लिक केल्यावर पान पुन्हा लोड होतं. आवाज, कॉल, स्क्रीन शेअर, डाउनलोड, अर्धवट भरलेला फॉर्म, सूचना पाठवण्याची परवानगी यातलं काही असेल तर टॅब झोपत नाही. यातली सूचनांची परवानगी लोक विसरतात. 'झोपायला हवा तो टॅब जागाच राहतो' यामागे ती असू शकते. ज्या साइटला सूचनांची गरज नाही तिची परवानगी काढून टाका. उलट, झोपून उठल्यावर ज्या साइटवर काम हरवतं ती 'नेहमी चालू ठेवा'च्या यादीत घाला.

एनर्जी सेव्हर बॅटरी २० टक्क्यांवर आल्यावर जागा होतो. तो 'प्लग काढल्याबरोबर' असा करून ठेवा. स्क्रोल थोडं कमी गुळगुळीत वाटेल, एवढंच. याच पानावर 'प्रीलोड पेजेस' आहे. तुम्ही क्लिक कराल अशा अंदाजाने पानं आधीच आणणारी ही सोय कमी रॅमच्या मशीनवर बंद केलेली बरी.

खिडकी बंद केल्यावरही ब्राउझर यादीत दिसतो? क्रोमच्या 'सिस्टीम'मध्ये बंद केल्यानंतरही पार्श्वभूमीतली अ‍ॅप चालू ठेवण्याचा पर्याय आहे, एजमध्ये तो आणि 'स्टार्टअप बूस्ट' असे दोन. तिन्ही निर्धास्त बंद करा.

ब्राउझर दोषी नसतो तेव्हा

सगळं तपासूनही सीपीयू चढाच असेल तर यादीत ब्राउझरच्या शेजारची ओळ बघा. विंडोजचा डिफेंडर फायरफॉक्ससोबत अवाजवी सीपीयू घ्यायचा. ही तक्रार काही वर्षं प्रलंबित होती आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डिफेंडरमध्ये दुरुस्ती केल्यावर निवळली. म्हणजे ब्राउझरचं प्रत्येक सेटिंग पालथं घालूनही ती सुटली नसती. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू असतील तर एक काढा.

झाकण उघडं ठेवून उठलात आणि परत आल्यावर मशीन जागंच, पंखा चालूच, तर कुणीतरी झोप अडवतंय. मॅकवर एनर्जी भागातला 'प्रिव्हेंटिंग स्लीप' रकाना ब्राउझरसमोर 'येस' दाखवेल. विंडोजवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा, स्लॅश आणि 'रिक्वेस्ट्स' असं इंग्रजीत टाका. ब्राउझरच्या नावापुढे ऑडिओ किंवा व्हिडिओ असं कारण आलं, तर वाजत राहिलेला टॅब शोधा. पट्टीवर स्पीकरचं चिन्ह असलेला टॅब सर्वांत आधी बघा.